मधले श्वास

त्यांच्या गालांवर नेहमी दोन-तीन ताजे काप असत. स्टुडिओत टेप कापून बोथट झालेलं ब्लेड ते घरी नेत आणि त्यानं दाढी करत. लोक नवं ब्लेड गालाला लावतात आणि जुन्यानं पेन्सिलीला टोक काढतात. ह्यांचं सगळं उलटं. "गालावरची जखम भरते वहिनी, टेपवरची ऐकू येते," असं म्हणायचे आणि म्हणताना हसायचे नाहीत. त्यामुळे हा विनोद आहे की तक्रार, ते मला कधी कळलं नाही.

स्टुडिओतली बंगाली मंडळी त्यांना ब्लेडबाबू म्हणत. मी दादा म्हणायचे. धरमतल्याच्या मागे एका गल्लीत, छत्र्यांच्या दुकानावर तो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये जाड काच. एका खोलीत माईक, दुसरीत टेपची मशीनं. खतं, देवीची लस, कोंबडीपालन अशा विषयांवरच्या माहितीपटांना वेगवेगळ्या भाषांतलं निवेदन तिथे भरलं जाई. मी मराठी वाचायची. माझ्या नवऱ्याची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली, दमदमला घर मिळालं, आणि दिवसभर भिंतींशी बोलण्यापेक्षा माईकशी बोललेलं बरं, म्हणून मी तिथे जाऊ लागले. महाराष्ट्र मंडळात नवऱ्याची दादांशी ओळख झाली होती, म्हणून मी त्यांची वहिनी. वयानं ते माझ्या काकांएवढे होते, पण नातं एकदा जडलं की वय कोण बघतो.

ते जन्मले कलकत्त्यातच. घर बागबाजारला. मराठ्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन तिथूनच एके काळी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. स्टुडिओत चहाच्या वेळी कुणी ना कुणी त्यांना बर्गी, म्हणजे लुटायला आलेला मराठा स्वार, म्हणून चिडवायचंच. ते शांतपणे म्हणत, "आमच्या भीतीनं खंदक खणलात, आणि त्याच्याच काठी आम्हाला भाड्यानं खोल्या दिल्यात. आता तक्रार कसली?" त्यांचं मराठी आईकडून आलेलं होतं, घराबाहेर कुणाशी फारसं बोललं न गेलेलं, त्यामुळे जुनं आणि बायकी वळणाचं. मिशा असलेला पन्नाशीचा गृहस्थ दचकून "अगोबाई" म्हणाला की मला हसू आवरायचं नाही.

माझा नातू हल्ली कॉम्प्युटरवर गाणी कापतो, जोडतो. पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात. नको त्या डोंगरावरून बोट फिरवायचं, बटण दाबायचं, की तेवढा भाग गायब. चुकलं तर दुसरं बटण, की तो परत जागेवर. मी त्याच्या शेजारी बसून बघते आणि मला दादांची आठवण येते. त्यांना डोंगर दिसत नसत. टेपची चकती दोन्ही हातांनी धरून ते पुढे-मागे, पुढे-मागे हलवत. माणसाचा आवाज त्यातून रेड्यासारखा घुमे, शब्द कुठला ते आपल्याला कळायचंही नाही. पण त्यांना शब्दाचा नेमका काठ सापडायचा. तिथे पिवळ्या पेन्सिलीची खूण, मग फीत एका खाचेत बसवायची, तिरपं ब्लेड फिरवायचं, नको तो तुकडा काढायचा आणि दोन टोकं पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडायची. काढलेला तुकडा जमिनीवर. संध्याकाळी झाडू मारणारा तो केराच्या पाटीत भरून नेई. परत आणायचं बटण नव्हतं.

त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे श्वास. मी निवेदन वाचायची तेव्हा वाक्यावाक्याच्या मध्ये घेतलेला माझा प्रत्येक श्वास ते शोधून काढून टाकत. "श्वास ही बोलणाऱ्याची घरची भानगड आहे," ते म्हणत. "ऐकणाऱ्याला कशाला सांगायची?" मी ऐकायची तेव्हा मलाच थक्क व्हायला व्हायचं. कोंबड्यांच्या खाद्याविषयी अखंड, स्वच्छ, न थकता बोलणारी ती बाई मी नव्हतेच. गंमत अशी की स्वतः ते नाकानं श्वास घेताना बारीक शीळ वाजायची. जन्मापासूनच नाक वाकडं होतं म्हणे. त्यामुळे माईक चालू असताना त्यांना त्या खोलीत यायला मनाई होती. मालकांनीच घातली होती आणि त्यांनी ती अगदी मनापासून मान्य केली होती.

हा नाद त्यांना घराबाहेरही सुटत नसे. माझ्या नवऱ्यानं एकदा त्यांना जेवायला बोलावलं आणि बँकेतल्या कुठल्याशा चोरीची हकिगत रंगवून सांगितली. दादांनी ताकाची वाटी संपवली आणि म्हणाले, "मॅनेजर कुलूप उघडतो तिथून सुरुवात केली असती तरी चाललं असतं." नवरा त्यानंतर त्यांच्यासमोर हकिगती सांगेनासा झाला. मंडळात अध्यक्ष भाषणाला उभे राहिले की दादांची दोन बोटं मांडीवर कातरीसारखी हलत. कातरी मात्र त्यांना वर्ज्य. कातरीला लोहचुंबकाचा गुण लागतो आणि टेपवर टक् असा आवाज उमटतो, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी घरी कोथिंबीर कापायलाही कातरी घेईनाशी झाले.

हे सगळं मला हसत सांगता येतं, कारण हे आधीचं आहे.

त्यांची आई मिरजेला लेकीकडे असायची. आयुष्य कलकत्त्यात काढलेली बाई, पण डोळे गेले तशी लेक तिला आपल्याकडे घेऊन गेली. पत्र आलं तर दुसऱ्यानं वाचून दाखवायचं, आणि दुसऱ्याच्या तोंडून आपल्या माणसाचं पत्र ऐकणं तिला आवडत नव्हतं. म्हणून दादांनी टेपची पद्धत काढली. बहिणीकडे घरगुती मशीन होतं. दादा बागबाजारच्या घरी टेप भरत, कुणी तिकडे सुट्टीवर निघालं की त्याच्यासोबत पाठवत. फोर्ट विल्यममधले एक मराठी मेजर नेहमीचे. आम्हीही एकदा नेली होती. टेप मिळायची मारामार, म्हणून त्यांची आई ऐकून झालं की त्याच टेपवर आपलं उत्तर भरायची आणि ती परत यायची. इकडचं बोलणं तिकडे पुसलं जायचं, तिकडचं इकडे. गप्पाच त्या, जपून कोण ठेवणार?

टेपवर बोलायचा तो मुख्यतः त्यांचा मुलगा. एकुलता. मी पाहिला तेव्हा कॉलेजात होता, उंच, खांदे पाडून चालणारा. आजी आणि तो म्हणजे एक वेगळंच गूळपीठ होतं. ती इथे असताना तो तिच्याच अंथरुणात झोपायचा. कलकत्त्यात वाढलेल्या पोराचं मराठी ते. बोलता बोलता पाय घसरून बंगालीत पडायचा. "आजी, मी भालो आहे, तू चिंता कोरू नकोस," असं काहीतरी म्हणून स्वतःच फिदीफिदी हसायचा. भरताना खिडक्या लावायच्या, कारण खाली ट्राम. पंखा बंद करायचा, कारण त्याची घरघर. कलकत्त्याच्या उकाड्यात पोरगं घामानं निथळत आजीशी बोलायचं. मग दादा ती टेप स्टुडिओत आणत, जेवणाच्या सुट्टीत बसून घसरलेली वाक्यं काढत, हसणं काढत, आणि आजीला चांगलं, शुद्ध, आज्ञाधारक असं काही पाठवत. राहिलेले मोठे तुकडे ते टाकून देत नसत. "फीत चांगली आहे, उपयोगी पडेल," म्हणून बिस्किटांच्या एका डब्यात ठेवत.

त्या वर्षांत कलकत्त्यात मुलं घराबाहेर पडत आणि परत येत नसत. कुणी म्हणे पोलिसांनी गाडीत घालून नेलं, कुणी म्हणे दुसऱ्या गल्लीतल्या मुलांनी गाठलं. भिंती क्रांतीच्या घोषणांनी भरलेल्या, आणि दिवेलागणीनंतर रस्त्यावर शुकशुकाट. दादांचा मुलगा कुठल्या गटात होता की कुठल्याच नव्हता, मला आजही माहीत नाही. एका सकाळी तो तुटलेली चप्पल हातात घेऊन, पायात वडिलांची चढवून, कोपऱ्यावर शिवून आणतो म्हणून गेला. कोपऱ्यावरचा चांभार म्हणाला, आलाच नाही.

त्यानंतर दादा कुठे कुठे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. जिथे जायचं असतं तिथे सगळीकडे गेले. पोलीस ठाणी, हॉस्पिटलं, तुरुंगाची दारं, आणि शेवटी जिथे जायला पाय उचलत नाही तिथेही. सगळीकडे एकच उत्तर, इथे नोंद नाही. मधल्या काळात त्यांनी एकही दिवस काम चुकवलं नाही. दहाला येत, खाच पुसत, नवं ब्लेड मोडून अर्धं करत आणि माझे श्वास काढायला बसत. मालक म्हणाले, "दादा, आपनी बाडी जान, काही दिवस घरी बसा." दादा म्हणाले, "घरी काय आहे?"

मग मिरजेहून टेप आली. मेजरसाहेबांनी आणली होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती मशीनवर लावली आणि मला म्हणाले, बसा. मुलगा बेपत्ता झाल्याचं त्यांनी बहिणीला कळवलं होतं, आईला सांगू नको असंही. आजीचा आवाज ठणठणीत होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ह्या खेपेला माझा सोन्या का नाही बोलला? परीक्षा असेल. असू दे. पुढच्या खेपेला दोन शब्द तरी बोल रे बाबा. तेवढ्यावर माझे महिने निघतात."

दुसऱ्या दिवशी दादांनी बिस्किटांचा डबा आणला.

मी तिथे होते म्हणून सांगते. त्या डब्यातले सगळे तुकडे त्यांनीच एके काळी बाद केलेले होते. चुकलेली वाक्यं, अर्धवट हसणं, मध्येच आलेलं बंगाली. चांगलं होतं ते सगळं मिरजेला जाऊन पुसलं गेलेलं. ते एकेक तुकडा लावायचे, चकती पुढे-मागे करायचे, आणि त्या पोराचा आवाज रेड्यासारखा घुमायचा. कुठून तरी "आजी" मिळालं. कुठून "बरा आहे" मिळालं. "अभ्यास" एकीकडे आणि "चालू" दुसरीकडे, तीन वर्षांचं अंतर दोहोंत; एकात आवाज फुटायच्या बेतातला, दुसऱ्यात फुटलेला. ते त्यांना चालेना. दोन दिवस शोधून त्यांनी दुसरं "अभ्यास" काढलं. पिवळी खूण, खाच, ब्लेड, चिकटपट्टी. आठवडाभरात मुलगा बोलायला लागला. आजी, मी बरा आहे. अभ्यास चालू आहे. इकडे भारी गोरोम पडलंय. आई हाक मारतेय, जातो.

तो जातो म्हणाला आणि टेपचं टोक चकतीवर फटफट आपटत राहिलं. आणि खरं सांगते, मला दादांचा भयंकर राग आला. हा माणूस आपल्या पोराचं काय करतोय, असं वाटलं. पण आजीचं ते "महिने निघतात" मीही ऐकलं होतं, त्यामुळे तोंड उघडलं नाही. एवढंच म्हणाले, "दादा, पाठवण्याआधी कॉपी काढून ठेवू. दोन मशीनं आहेत, पाच मिनिटांचं काम आहे. तिकडे गेली की पुसली जाईल."

"नको," ते म्हणाले.

"अहो, पण आता त्याचं जे आहे ते एवढंच ना?"

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. "कॉपी गेलेल्या माणसाची काढतात, वहिनी. हा यायचाय. आला की नवीन बोलेल."

टेप तशीच गेली आणि आजीचं उत्तर भरून परत आली. आजी भलतीच खूश होती. किती दिवसांनी पोर मनापासून बोललं, म्हणाली. बंगाली घुसडलेलं तर तिला फारच आवडलं होतं. "इतके दिवस बापानं पढवल्यासारखं बोलायचास," म्हणाली. ते ऐकताना दादांचं बोट मांडीवर हललं नाही.

मग ते चालूच राहिलं. आजी विचारायची आणि हे डब्यातून उत्तर शोधायचे. तिनं विचारलं जेवतोस का वेळेवर, की चार दिवस "जेवतो" शोधण्यात जायचे. प्रत्येक टेपमागे डबा रिकामा होत चालला. जी वाक्यं त्या मुलानं खरोखर बोलली होती, ती एका खेपेला अर्धी, दुसऱ्या खेपेला चौथाई अशी कापली जात होती, आणि जाऊन पुसली जात होती. मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणारच, त्यांच्याइतकं ते कुणाला कळणार? मी पुन्हा कॉपीचं नाव काढलं नाही. कॉपी काढ म्हणणं म्हणजे तो मेला म्हणणं, असं त्यांनी करून ठेवलं होतं.

एकदा मी त्यांच्या घरी गेले होते, पोळ्या घेऊन. ते बाहेर होते. त्यांच्या पत्नी अगदी कमी बोलणाऱ्या. दादा घरी मशीन लावून बसले की ह्या उठून गंगेच्या घाटावर जाऊन बसत, हे मला शेजारणीकडून कळलं होतं. मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बसता ना त्यांच्याबरोबर तिथे?"

"हो."

"मग त्यांना एक सांगाल? मी सांगितलं तर ऐकत नाहीत." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याला आता जरा गप्प बसू द्या म्हणावं. तो कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. पण असं तुकड्यातुकड्यांनी बोलवून घेऊ नका."

मी सांगितलं नाही. कसं सांगायचं ते मला सुचलं नाही, आणि तोवर मिरजेची पुढची टेप आली.

ह्या खेपेला आजी थोडी थांबून थांबून बोलत होती. पाऊसपाणी झालं, नातींची लग्नं झाली. मग म्हणाली, "सोन्या, एक विचारू का? तू हल्ली बोलताना श्वास घेत नाहीस. मी तुझी टेप परत परत लावून घेते. सगळं बोलतोस आणि श्वास म्हणून नाही. मला इथे बसून धाप लागते रे. छातीचं काही दुखणं आहे का? बापाला सांग, डॉक्टरला दाखव म्हणावं. आणि बोलताना मध्ये श्वास घेत जा."

टेप संपली तरी दादा उठले नाहीत. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरून ट्राम गेली, खिडकीची काच थरथरली. त्यांचा चेहरा मला आजही डोळ्यांसमोर आणवत नाही. आयुष्यभराच्या सवयीनं, कुणी सांगितलेलं नसताना, त्यांनी आपल्या मुलाचेही श्वास काढून टाकले होते. जोडताना प्रत्येक वाक्याची दोन्ही टोकं स्वच्छ करून घेतली होती, जशी माझी करत तशी. ते श्वास जमिनीवर पडले होते आणि केराच्या पाटीतून गेले होते. आंधळ्या बाईला नेमकं तेवढंच दिसलं.

"अगोबाई," ते हळूच म्हणाले. मला हसू आलं नाही.

त्यांनी डबा उपडा केला. तळाशी राहिलेले तुकडे एकेक करून लावले. सगळे स्वच्छ. एकाच तुकड्यात श्वास होता. तो तुकडा तळहाताएवढ्या चकतीवर वेगळा गुंडाळलेला होता आणि त्यांनी तो लावून लगेच बंद केला. पण मी ऐकलं. तो मुलगा कंटाळून म्हणत होता, "बाबा, झालं का?" मग एक मोठा श्वास, अगदी छातीतून घेतलेला. मग, "लावू पंखा?"

"दादा, ह्यात आहे," मी म्हणाले.

"हे नाही कापायचं."

"पण एवढा एकच..."

"हे आजीसाठी नाही," ते म्हणाले आणि ती चकती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मालक यायच्या आधी, ते मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही मशीनवर बसा. मी आत जातो." आत म्हणजे माईकच्या खोलीत, जिथे जायला त्यांना मनाई होती. काचेपलीकडे ते स्टुलावर बसले. पंखा त्यांनी आपण होऊन बंद केला. मी टेप सुरू केली आणि हात वर करून खूण केली. ते माईकसमोर तोंड उघडून श्वास घ्यायला लागले. लहान, मोठा, वाक्याआधी घेतात तसा, वाक्यानंतर सोडतात तसा. कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते एकवीस वर्षांच्या पोराचे श्वास घेत होते. कुठे असलाच तर तेवढा झाला असेल. मी काचेतून बघत होते आणि मला रडू फुटलं. रडण्याचा आवाज काचेपलीकडे जात नाही, एवढंच बरं होतं.

मग ते बाहेर आले आणि ते श्वास कापून मुलाच्या वाक्यांमध्ये बसवू लागले. आयुष्यात पहिल्यांदा ते श्वास काढत नव्हते, घालत होते. तोंडानं घेतले होते तरी काही श्वासांच्या शेवटी बारीक शीळ होतीच. जितकी काढता आली तितकी त्यांनी काढली. थोडी राहिली. टेप पाठवली.

उत्तर यायला फार दिवस लागले. मेजरसाहेबांची बदली झाली होती, टेप कुणाकुणाच्या सामानातून फिरत आली. आम्हालाही बदलीची ऑर्डर आलेली होती. ती टेप ऐकायला बसलो तेव्हा माझी घरची बांधाबांध चालू होती.

आजी म्हणाली, "आता ऐकलं. आता नीट श्वास घेतोस. बरं केलंस." मग तिचा आवाज इतका वेळ थांबला की दादांनी मशीनकडे वाकून पाहिलं. टेप फिरत होती. "श्वास अगदी बापाचा आहे," ती म्हणाली. "त्या नाकाची शीळ मी त्याला पदराखाली घेतल्यापासून ऐकतेय." लांब कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला. "बाळ, त्याला आता त्रास देऊ नकोस. पुढच्या खेपेला तू बोल. तू कसा आहेस ते कुणीच मला सांगत नाही."

बस, एवढंच. बाकी टेप कोरी होती, तरी ती शेवटपर्यंत त्यांनी फिरू दिली.

त्यांनी पुढे आईला आपल्या आवाजात टेप पाठवली का, मला माहीत नाही. आमच्या बदलीनंतर दोन पत्रं मी टाकली, उत्तर आलं नाही. पुढे तो स्टुडिओ बंद पडल्याचं कळलं. पण निघण्याच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले होते. दुपारची वेळ, मालक बाहेर, खाली छत्रीवाला काड्या ठोकत बसलेला. दादा खाच पुसत होते. गालावर कापलेलं होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि ती तळहाताएवढी चकती काढून माझ्यापुढे ठेवली.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्याची एक कॉपी काढू या."

एका मशीनवर त्यांनी चकती चढवली, दुसऱ्यावर मी कोरी टेप चढवली. कॉपी काढताना माईक लागत नाही, खोलीत ढोल वाजले तरी टेपवर उतरत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यांनी उठून खिडकी लावली आणि पंखा बंद केला. मग दोन्ही बटणं एकदम दाबली.

"बाबा, झालं का?" मुलगा म्हणाला. त्यानं श्वास घेतला. "लावू पंखा?"

"लाव," दादा म्हणाले.

टेपचं टोक चकतीवर आपटायला लागलं. मला ते एरवी तुम्ही म्हणत, तरी हे मला म्हणाले की त्याला, मला कळलं नाही. मी उठले आणि पंखा लावला.